कॅराव्हॅनमधील जलगाळणी

कॅराव्हॅनमधील जलगाळणी म्हणजे कॅराव्हॅन, मोटारहोम यांसारख्या निवासी वाहनांत पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यातील गाळ, रसायने आणि रोगकारक सूक्ष्मजीव कमी करण्यासाठी वापरली जाणारी व्यवस्था होय. घरातील गाळणीला बहुधा एकाच स्रोताचे पाणी मिळते. कॅराव्हॅनच्या टाकीत मात्र एका मुक्कामी नगरपालिकेचे क्लोरीनयुक्त, दुसऱ्या मुक्कामी कूपनलिकेचे जड, तर तिसऱ्या ठिकाणी विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी भरले जाते. त्यामुळे मार्गावरील सर्वांत वाईट स्रोत गृहीत धरून गाळणी निवडावी लागते. पाण्याची चव सुधारणारी गाळणी पाणी सुरक्षित करतेच असे नाही. चुकीच्या जागी बसवल्यास ती पाण्याला असलेले संरक्षणही काढून घेते.

दूषितके आणि छिद्रांचा आकार

गाळणीची क्षमता तिच्या छिद्रांच्या आकारावरून, म्हणजे मायक्रॉनमध्ये सांगितली जाते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिआर्डिया या आदिजीवाच्या पुटी साधारण ८ ते १२ मायक्रॉन, क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६ मायक्रॉन आकाराच्या असतात. बहुतेक जिवाणू ०.२ ते ५ मायक्रॉनच्या दरम्यान, तर अतिसार व कावीळ पसरवणारे विषाणू ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट व आर्सेनिक पाण्यात विरघळलेले असल्याने साध्या छिद्रांच्या गाळणीतून सरळ पार होतात.

वेष्टनावरील आकडा 'नाममात्र' आहे की 'निरपेक्ष', हे पाहणे आवश्यक ठरते. नाममात्र १ मायक्रॉनच्या गाळणीतून त्याहून मोठे काही कण निसटू शकतात. निरपेक्ष आकड्यात त्या आकाराचे जवळजवळ सर्व कण अडतात.

प्रकार

गाळरोधक काडतूस (कार्ट्रिज) बहुधा ५ मायक्रॉनचे असते. ते माती व गंज अडवून पुढील टप्प्यांचे आयुष्य वाढवते. सक्रियित कार्बन क्लोरीन, दुर्गंधी व अनेक सेंद्रिय रसायने शोषून घेतो. जिवाणू व विषाणूंसाठी मात्र त्यावर विसंबता येत नाही. चिनी मातीची मेणबत्तीसारखी गाळणी आणि पोकळ तंतूंची पटले जिवाणू व पुटी चांगल्या प्रकारे अडवतात. या दोहोंना हिमबाधा चालत नाही. आतील पाणी गोठल्यास त्यांना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि गाळणी वरकरणी पूर्वीसारखीच चालू राहते. त्यामुळे लडाखमध्ये किंवा युरोपातील हिवाळ्यात वाहन उभे करताना ती काढून उबदार जागी ठेवतात.

जंबुपार (अतिनील) किरणांचा दिवा जिवाणू, विषाणू व पुटी या तिन्हींना निष्प्रभ करतो, परंतु पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात कणांच्या आड सूक्ष्मजीव सुरक्षित राहतात. तुरटी फिरवून किंवा निवळीची बी उगाळून पाणी निवळवण्याची जुनी पद्धत येथे पूर्वतयारी म्हणून उपयोगी पडते. निवळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते निर्जंतुक नसते.

व्यस्त परासरण (आरओ) यंत्र विरघळलेले क्षार व फ्लोराइडही कमी करते. मात्र घरगुती आकाराच्या यंत्रात शुद्ध पाण्याच्या दोन-तीन पट पाणी वाया जाते. टाकीत १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलोग्रॅम वजन, वाहून नेणाऱ्या वाहनाला हा व्यवहार परवडत नाही. नळजोडणी असलेल्या तळावर थांबणाऱ्यांनाच तो सोयीचा.

कार्बन गाळणीचे स्थान

टाकी भरतानाच नळीला कार्बन गाळणी जोडण्याची पद्धत सर्रास आढळते. पाण्याला क्लोरीनचा वास येत नाही, हे तिचे आकर्षण. पण तोच उर्वरित क्लोरीन टाकीत साठलेल्या पाण्यातील जिवाणूंची वाढ रोखत असतो. तो काढून टाकलेले पाणी उन्हात तापलेल्या टाकीत चार दिवस राहिल्यास जिवाणूंना अनुकूल वातावरण मिळते. म्हणून भरताना केवळ गाळरोधक काडतूस आणि पंपानंतर, पिण्याच्या नळाजवळ, कार्बन व सूक्ष्म गाळणी हा क्रम अधिक योग्य ठरतो. स्रोताची खात्री नसल्यास टाकीतच क्लोरीन घालून किमान अर्धा तास थांबतात. क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी सूक्ष्म गाळणी, जंबुपार दिवा किंवा उकळणे हेच मार्ग उरतात. पाणी खळखळून १ मिनिट, तर सुमारे २,००० मीटरहून अधिक उंचीवर ३ मिनिटे उकळावे, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन आहे.

प्रमाणन

एनएसएफ/एएनएसआय ४२ हे मानक चव, वास व क्लोरीन यांपुरते आहे. ५३ हे मानक शिसे, पुटी यांसारख्या आरोग्याशी निगडित दूषितकांचे आहे. ही दोन्ही मानके जिवाणू-विषाणूंपासून संरक्षणाची हमी देत नाहीत. त्यासाठीच्या पी२३१ या नियमावलीत जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के व पुटी ९९.९ टक्के कमी होणे अपेक्षित असते. वेष्टनावर नुसते 'प्रमाणित' असे लिहिलेले असल्यास कोणत्या मानकानुसार, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

निगा

काडतुसाचे आयुष्य लिटरमध्ये सांगितलेले असले तरी ओले काडतूस बंद वाहनात महिनोन्महिने पडून राहिल्यास तेच जिवाणूंचे घर बनते. दीर्घ मुक्कामानंतर ते बदलतात, टाकी व नळ्या क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने धुतात आणि वास जाईपर्यंत पाणी सोडतात. ही धुलाई काडतुसे काढून केली जाते. पाणी भरण्याची नळी खाद्योपयोगी दर्जाची व स्वतंत्र असावी लागते. शौचटाकी धुण्याची नळी तिच्यासाठी वापरणे हे दूषिततेचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. राज्यात मार्गानुसार पाण्याचा प्रश्न बदलतो. पावसाळ्यात सह्याद्रीतील ओढे गढूळ होतात, तर कोकण किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागते. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. उकळल्याने पाणी आटून फ्लोराइडची तीव्रता उलट वाढते. अशा भागात गाळणी बदलण्यापेक्षा नळयोजनेच्या पाण्याने टाकी आधीच भरून घेणे सोपे पडते.