वेठीचं ओझं आणि जानवं

पवार राजांच्या चाकरीमुळे आमचं घराणं धारला रुजलं, त्यामुळे या मुलखाचा इतिहास मला परक्यासारखा सांगता येत नाही. याच मुलखात सरदारपूरला इंग्रजांनी भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांच्या हाती बंदूक दिली. पलटणीबाहेरचा भिल्ल मात्र वेठीलाच धरला जाई. संस्थानी अंमलदाराचं सामान डोक्यावर घ्यायचं, कोसन्‌कोस चालायचं आणि रिकाम्या हातानं घरी परतायचं!

ही वेठ मोडायला शेजारच्या झाबुआतल्या बामनियाला मामा बालेश्वर दयाळ उभे राहिले. मूळचे इटाव्याकडचे, पण आयुष्य काढलं ते भिल्लांमध्ये. जानवं घालणाऱ्याला वेठीला धरत नसत, हे हेरून त्यांनी भिल्लांना जानवी दिली. फुकटची ओझी वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर पांढरं सूत आलं. माणसाला माणूस म्हणून वागवून घ्यायला वरच्या जातीची खूण अंगावर मिरवावी लागली, याची मला आजही लाज वाटते. हा दोष वागवणाऱ्यांचा, म्हणजे आपला.

26 डिसेंबर 1998 ला मामा गेले. दर वर्षी त्या दिवशी भिल्ल बायाबापड्या बामनियाला येतात, नव्या पिकाचं धान्य वाहतात. एवढी माया दानधर्मानं मिळत नाही. भिल्लांसाठी शाळा, दवाखाने जरूर काढावेत. पण आधी घामाचं पुरतं मोल द्यावं आणि शेजारी बरोबरीनं बसवावं.