धुळीच्या ढगांचे मानकरी

मंडळी, अवकाशातला तेजोमेघ म्हटलं की हबलचे रंगीत फोटो आठवतात. पण काही ढग नुसत्या धुळीचे, इतके अंधुक की मोठ्या वेधशाळांच्याही नजरेतून निसटलेले. त्यातले कित्येक टिपले हौशी मंडळींनी!

२३ जानेवारी २००४ च्या रात्री अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील यांनी घराच्या अंगणातून, अवघ्या तीन इंची दुर्बिणीने, मृग नक्षत्रातल्या एम ७८ या तेजोमेघाचे फोटो घेतले. नंतर पाहतात तो शेजारी एक पुसट ढग, जो आकाशाच्या जुन्या सर्वेक्षणात नव्हताच! मग हवाईतली आठ मीटरची जेमिनी दुर्बीणही तिकडे वळली. धुळीत गुरफटलेला एक बाल-तारा अचानक भडकला होता आणि त्याच्या उजेडात धूळ दिसू लागली होती. धुक्यात बॅटरी लावावी तसं.

गंमत म्हणजे एव्हरेड क्राइमर या दुसऱ्या हौशी माणसाच्या १९६६ सालच्या फोटोतही तो ढग होता. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही, म्हणून नाव लागलं मॅकनील यांचं. पुढे तारा मंदावला, २००८ मध्ये पुन्हा उजळला, आणि २०१८ पर्यंत ढग परत दिसेनासा झाला.

कॅलिफोर्नियाच्या स्टीव्ह मँडेल यांनी त्याच सुमारास आणखी अवघड काम घेतलं. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर पसरलेली धूळ कुणा एका ताऱ्यामुळे नाही, तर सबंध आकाशगंगेच्या उजेडाने किंचित चमकते. ध्रुवाजवळ, सप्तर्षींच्या भागात ती आहे. तासन् तास फोटो घेऊन त्यांनी मायकेल विल्सन यांच्यासोबत अशा ढगांची यादीच केली.

इथे सिंगापुरात ध्रुव जवळजवळ क्षितिजालाच टेकलेला. मृग मात्र डोक्यावरून जातो, पण उपयोग काय? २०१६ च्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशात सिंगापूर पहिलं आलं: रात्रीचं आकाश इतकं उजळ की डोळ्यांना अंधाराची पुरती सवयच होत नाही. इथले हौशी लोक काळोखासाठी सीमा ओलांडून मलेशियात जातात.

आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशींना आकाश दाखवते आहे. गावाकडे अजून काळोख शिल्लक असेल, तर प्रत्येक खांबावर झगझगीत दिवा लावण्याआधी जरा विचार करा. दुर्बीण इथे दुकानात मिळते हो, काळोख नाही मिळत.