डिसमिलमध्ये न मावलेला उतार

रायपूरच्या पंडरीत रिकाम्या भूखंडावर काम निघालं, की आधी खुंट्या ठोकल्या जातात, दोऱ्या ताणल्या जातात, चुन्याची फक्की पडते. मग दोघे जण पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची टोकं धरून एकेका खुंटीपाशी जातात. इथली जमीन इतकी सपाट, की तिचा उतार डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यातल्या पाण्याला मात्र तो अचूक सापडतो.

खुंट्या-दोऱ्यांच्या या जाळीतली दोरी फार जुनी. शुल्बसूत्रांमध्ये यज्ञवेदी आखली जाते ती खुंट्या आणि दोरीनंच, काटकोनासकट. पण दोरी लांबी-रुंदी देते. उंची तिच्याबरोबर आली नाही.

छत्तीसगडात उंचीचं ज्ञान गावापाशी होतं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इथं जमीन मोजण्यापेक्षा नांगर मोजले जात. काही वर्षांनी शेतांची फेरवाटणी होई, तिला लाखाबाटा म्हणत. चांगली आणि हलकी जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, हा तिचा हेतू. उंचावरची मुरमाड भाटा, तिच्याखाली मटासी, मग डोरसा आणि सखलातली काळी, चिकण कन्हार. मातीचं नाव घेतलं, की ते शेत उतारावर कुठं आहे हेही कळे. कागदावर एकही रेघ नसलेला हा नकाशाच होता, असं मी मानतो.

1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि पुढच्या दशकात रायपूर जिल्ह्याचा जमीन-महसुलाचा बंदोबस्त ह्यूइट या अधिकाऱ्याकडे आला. आता माप साखळीचं. इंग्लंडच्या एडमंड गुंटरनं 1620 मध्ये मांडलेली ही साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची. अशा 10 चौरस साखळ्यांचा एक एकर, आणि एकराचा शंभरावा भाग म्हणजे डिसमिल, 435.6 चौरस फूट. मुंबई इलाख्यात साखळी निम्मी, 33 फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, एकरात असे 40. म्हणून रायपूरला आलेल्या मराठी माणसाला हिशेब सोपा जातो: एक गुंठा, अडीच डिसमिल. या मोजणीनं शेताच्या हद्दी नक्की केल्या आणि कुळाला त्याचा मोठा आधार मिळाला. पण खसऱ्याच्या, म्हणजे शेतवार नोंदीच्या, नकाशात उंची नव्हती. सारा क्षेत्रावर आणि मातीच्या प्रतीवर ठरे. पाणी कुठून कुठं जातं, हे नकाशाला कुणी विचारलंच नाही.

उंची कागदावर उतरली ती दुसऱ्याच कामातून. 1774 मध्ये नेव्हिल मास्केलिन यांनी स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या आकर्षणावरून पृथ्वीची घनता काढायचं ठरवलं. त्यासाठी डोंगराचं घनफळ हवं होतं. मोजलेल्या बिंदूंचे आकडे नकाशावर इतके दाटले, की काही उमगेना. गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषेनं जोडले आणि डोंगराचा आकार दिसू लागला. हॉलंडमध्ये नदीच्या तळासाठी अशा रेषा आधीही काढल्या होत्या. जमिनीवर त्यांचा एवढा उपयोग हटननं दाखवला.

इकडे सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन त्रिकोणांच्या साखळीनं हिंदुस्थान मोजत निघाला आणि 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचे त्रिकोण मैलोन् मैल लांबीचे. अंगणाएवढ्या तुकड्याला ते उपयोगाचे नाहीत. तिथं खुंट्यांचीच जाळी लागते.

ती कुणालाही बांधता येते. पाच-पाच मीटरवर खुंट्या. एक ठिकाण पक्कं धरायचं, तिथली उंची शून्य. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं. त्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर जिथं जास्त, ती जागा खोल. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर सगळे आकडे खोटे. एका खुंटीवर उंची 42 सेंटिमीटर आणि शेजारच्या खुंटीवर 54 आली, तर 50 ची रेषा पहिल्या खुंटीपासून दोन-तृतीयांश अंतरावर, म्हणजे सुमारे 3.3 मीटरवर काढायची. डोंगराळ भागात मीटरभराच्या फरकानं रेषा पुरतात. पंडरीसारख्या सपाटीवर त्या 10 सेंटिमीटरनं काढाव्या लागतात, आणि भराव टाकण्याआधी काढाव्या लागतात.