इशारा ऐकू आलेला माणूस : व्हिक्टोरियन भयकथेची घडण

माणच्या आमच्या घराच्या गच्चीवरून हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या दिसतात. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचा डेपोही माणच्याच जमिनीवर आहे. माझ्या लहानपणी इथे भातखाचरे होती आणि दिवेलागणीनंतर ओढ्याकडे जायचे नाही, अशी आजीची ताकीद होती. ओढ्याकाठच्या पिंपळावर मुंजा होता. आजीच्या गोष्टीत तो पहिल्याच वाक्यात हजर असे. तो आहे की नाही, हा प्रश्न नसे. आता तो काय करणार, एवढेच ऐकायचे असे. पुढे कॉलेजात इंग्रजी भयकथा वाचू लागलो तेव्हा तिथे नेमके उलटे दिसले. भूत लवकर येत नाही, आणि आले तरी ते भूतच होते का, हे शेवटपर्यंत ठरत नाही. वाचकाला बांधून ठेवणारी ही अनिश्चितता कशी घडवली जाते आणि ती त्याच काळात का बहरली, हे मला या लेखात पाहायचे आहे.

या कथांचे घर आपल्याला परके नाही. ते म्हणजे वर्षातून एकदा निघणारा सणाचा अंक. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ साली आले आणि नाताळ व भुते यांची जोडी पक्की झाली. पुढे ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ आणि ‘ऑल द इयर राउंड’ ही साप्ताहिके तो चालवी. त्यांचे खास नाताळ अंक निघत. अमेलिया एडवर्ड्सची ‘फॅन्टम कोच’ ही कथा १८६४च्या अशाच अंकातली. शेकोटीभोवती बसलेल्या कुटुंबाला एका बैठकीत वाचून दाखवता येईल, एवढी कथा हवी असे. त्यामुळे पाल्हाळ गळाले आणि एकच प्रसंग, एकच निवेदक, एकच शंका उरली. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची ‘फॅन्टम रिक्षा’ १८८५ साली लाहोरहून निघालेल्या नाताळ वार्षिकात छापली गेली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यासमोरही इंग्रजी नाताळ अंकांचाच नमुना होता, असे मानले जाते. पुढे ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांतून गूढकथा मराठी घरांत आल्या. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची नावे पाहून अंक उचलणारे वाचक आजही भेटतील.

आता घडणीकडे वळू. डिकन्सची ‘सिग्नलमन’ ही कथा १८६६च्या नाताळ अंकात आली. रेल्वेच्या खोल कटिंगमध्ये, बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलवाला एकटा काम करतो. निवेदक वरून त्याला हाक मारतो. तो वर न पाहता बोगद्याकडे पाहतो. गूढ सुरू होते ते या एका मान वळवण्यातून. अजून भुताचे नावही निघालेले नाही. मग कळते, की बोगद्यापाशी एक आकृती त्याला दिसते. पहिल्यांदा दिसली आणि काही तासांत भीषण अपघात झाला. दुसऱ्यांदा दिसली त्या दिवशी गाडीच्या डब्यात एक तरुणी मरण पावली. आता ती तिसऱ्यांदा दिसते आहे, आणि अजून काही घडलेले नाही.

यात तीन गोष्टी साधल्या आहेत. पहिली, साक्षीदार भोळा नाही. तो कर्तव्यदक्ष, वाचनाची आवड असलेला, नेमके बोलणारा माणूस आहे. दुसरी, जागा स्मशान किंवा पडका वाडा नाही. घंटा, तारयंत्र, दिवे आणि वेळापत्रक यांची आहे. जिथे सारे मोजलेले असते, तिथे एखादी घंटा एकालाच ऐकू आली, तर भीती अधिक खोल जाते. तिसरी, प्रत्येक घटनेला साधे स्पष्टीकरणही देऊ केलेले असते. निवेदक योगायोग म्हणतो, दृष्टिभ्रम म्हणतो. वाचक या दोन शक्यतांमध्ये लटकत राहतो. शेरिडन ल फानूच्या ‘ग्रीन टी’मध्ये (१८६९) धर्मोपदेशकाला दिसणाऱ्या माकडाचे कारण डॉक्टर हिरव्या चहात शोधतो. हेन्री जेम्सच्या ‘टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) मुलांची शिक्षिका खरे पाहते की भ्रमते, यावर अजून वाद आहे.

मात्र ‘सिग्नलमन’मधली खरी वेदना भुताची नाही. तो म्हणतो, मी तारेने धोका कळवला, तर विचारतील, कसला धोका? कुठे? याचे उत्तर माझ्याकडे नाही. मला वेडा ठरवून काढून टाकतील. जबाबदारी सगळी त्याची, अधिकार काहीच नाही. ही अवस्था डिकन्सने जवळून पाहिली होती. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टजवळच्या अपघातात तो स्वतः गाडीत होता. पुलावर दुरुस्तीसाठी रूळ काढले होते, मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले आणि लाल निशाण घेतलेला माणूस १००० यार्डांऐवजी ५५४ यार्डांवर उभा होता. दहा माणसे गेली. इशारा दिला गेला होता; तो पुरेसा दूरवरून दिला गेला नव्हता.

आपल्याकडे भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. कथा छापली गेली तेव्हा पुण्या-मुंबईचे प्रवासीही बोगद्यांच्या अंधारातून जाऊ लागले होते. यंत्रावर जीव सोपवायचा आणि ते सांभाळणारा माणूस कोण, हे ठाऊक नसायचे, हा अनुभव तेव्हा सगळीकडेच नवा होता. भयकथा त्याच काळात बहरली, याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. माझे मामा भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर रात्रपाळी करत. १९८७च्या पावसाळ्यात ते घरी सांगू लागले, “पहाटे चारच्या सुमाराला शेजारच्या प्रेसचा आवाज बदलतो. मधेच एक जादा ठोका ऐकू येतो.” बाकी कुणाला तो ऐकू येत नव्हता. सुपरवायझर म्हणाला, झोप कमी पडते. आजीने उतारा टाकला. मी नुकताच ‘सिग्नलमन’ वाचला होता. मी हसून म्हणालो, “मामा, डॉक्टरांना दाखवू या.” निवेदकाने सिग्नलवाल्यासाठी ठरवले होते, तेच मी बोललो, ते माझ्या तेव्हा लक्षातही आले नाही. तीन आठवड्यांनी त्या प्रेसने आपणहून दुसरा ठोका मारला आणि तिथल्या पोराची दोन बोटे गेली. मामांनी त्यानंतर रात्रपाळी केली नाही. मला ते एवढेच म्हणाले, “अरे, मी मोठ्यानं ओरडायला हवं होतं.”

कथेतही तसेच होते. निवेदक दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यायचे ठरवतो, आणि पोहोचतो तेव्हा सिग्नलवाला इंजिनाखाली सापडलेला असतो. इंजिनचालकाने त्याला सावध करताना काढलेल्या शब्दांत काही शब्द असे आहेत, की जे निवेदकाच्या फक्त मनात आले होते. याचा उलगडा डिकन्स करत नाही. करता तर आपण सुटकेचा श्वास टाकून अंक मिटला असता. उलगडा न केल्यामुळे प्रश्न आपल्याकडे येतो: तो सांगत होता तेव्हा तू काय करत होतास?

आजीचा पिंपळ रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. मुंजाबद्दल आता कुणी बोलत नाही. पण पहाटे चारला कंपन्यांच्या गाड्या माणच्या रस्त्याने रात्रपाळीची माणसे घेऊन परततात. त्यांतल्या एखाद्याला आज काही वेगळे ऐकू आले असेल. घरी गेल्यावर तो ते सांगेल का, आणि त्याचे कुणी ऐकून घेईल का, हा विचार मला मुंजापेक्षा जास्त वेळ जागे ठेवतो.