सिंगापूर ग्रिप, द
इंग्रजी कादंबरीकार जे. जी. फॅरल (१९३५–७९) ह्याची उपरोधप्रधान ऐतिहासिक कादंबरी (१९७८). ब्रिटिश साम्राज्याच्या ऱ्हासावरील त्याच्या कादंबरीत्रयीतील ही अखेरची. ‘द सीज ऑफ कृष्णापूर’ (१९७३) ही १८५७ च्या उठावावरील कादंबरी तिच्या आधीची. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायात उतरले; १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले. शत्रू जवळ येत असताना वॉल्टर ब्लॅकेट हा रबराचा व्यापारी आपल्या पेढीचा महोत्सव, रबराचे भाव आणि मुलीच्या विवाहातून साधावयाचा लाभ ह्यांतच गुंतलेला दिसतो. ह्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. तथापि लेखकाचा खरा रोख व्यक्तींच्या मूर्खपणापेक्षा मळ्यांतील मजुरांच्या श्रमांवर पोसलेल्या अर्थव्यवस्थेवर आहे.

ह्या शरणागतीत सुमारे ४० हजार हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. त्यांपैकी अनेकजण आझाद हिंद सेनेत दाखल झाले. कोकणातील जगन्नाथराव भोसले हे तिचे एक वरिष्ठ सेनाधिकारी होत. इंग्रजी वसाहतीचा अंत त्यांच्या दृष्टीने नव्या लढ्याचा आरंभ ठरला. इतिहासाची ही बाजू मात्र कादंबरीच्या परिघावरच राहते.