चकाकीची किंमत : मोटारीच्या रंगाचा, पॉलिशचा आणि वॅक्सचा इतिहास

१/ रविवारी सकाळी कोणत्याही सोसायटीच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. बादली, मऊ फडके, वॅक्सची चपटी डबी आणि बॉनेटवर गोलगोल फिरणारा हात. हा साधा घरगुती सोपस्कार वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे बंदुकीची दारू, ब्राझीलमधील ताडाची झाडे आणि विसाव्या शतकातील औद्योगिक स्पर्धा दडलेली आहे. या धाग्यात तीच कथा पाहू.

२/ आरंभी एक भेद स्पष्ट करू, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. पॉलिश आणि वॅक्स एक नव्हेत. पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म खरखरीत कण असतात. ते रंगाचा वरचा पापुद्रा घासून ओरखडे सपाट करतात. वॅक्स काहीही घासत नाही, ते वर पातळ आवरण चढवते. एक काढते, दुसरे झाकते.

३/ पहिल्या मोटारी म्हणजे घोडा वगळलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांचा रंगही बग्गीच्याच पद्धतीने लागे. तेलाचा रंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर. प्रत्येक थर वाळायचा, मग तो घासायचा, मग पुढचा द्यायचा. गाडीची बांधणी उरकली तरी रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले. ही चकाकी कारागिराच्या मनगटाची होती, आणि तिला वेळ लागत असे.

४/ १९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात मोटारींची फिरती जुळणी सुरू झाली आणि वेळ हाच शत्रू ठरला. १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात मिळे. हा काळा म्हणजे डांबरवर्गीय द्रव्याचे, भट्टीत भाजून पक्के केलेले इनॅमल. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि लवकर पक्के होई. अशा रंगाला ‘जपान ब्लॅक’ म्हणत, कारण युरोपातील कारागीर पूर्व आशियातील लाखकामाची नक्कल करता करता या प्रकारच्या रंगांपर्यंत पोहोचले होते.

५/ मग रंगीबेरंगी मोटारी आल्या कोठून? उत्तर अनपेक्षित आहे : दारूगोळ्याच्या उद्योगातून. नायट्रोसेल्युलोज म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. त्यापासून धूरविरहित बंदुकीची दारू होई आणि चित्रपटाची फीतही. ड्युपाँ ही कंपनी या द्रव्यात मुरलेली होती. पहिले महायुद्ध संपले आणि या विद्येला नवे गिऱ्हाईक हवे झाले.

६/ १९२० मध्ये न्यू जर्सीतील पार्लिन येथे कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना नायट्रोसेल्युलोजचे दाट द्रावण अनपेक्षितपणे पातळ झालेले आढळले. पातळ द्रावणात रंगद्रव्य भरपूर मिसळता येते आणि ते फवाऱ्याने मारता येते. त्यातून ‘ड्युको’ हे लॅकर जन्मले. जनरल मोटर्समध्ये ड्युपाँचा मोठा हिस्सा होता. १९२३ मध्ये, १९२४ च्या मॉडेलसाठी, त्यांच्या ‘ओकलंड’ गाड्या निळ्या ड्युकोत रंगून बाहेर पडल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले.

७/ याचा परिणाम केवळ सौंदर्याचा नव्हता. आता रंग हा विक्रीचा मुद्दा झाला. १९२६ च्या मॉडेलपासून फोर्डलाही पुन्हा इतर रंग द्यावे लागले, आणि १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’चे उत्पादनच थांबले. त्यामागे इतर कारणेही होती. परंतु गिऱ्हाईक केवळ वाहन घेत नाही, दिसणेही विकत घेते, हा धडा मोटारधंद्याने याच दशकात गिरवला.

८/ पण ड्युकोला एक खोड होती. फवारून वाळलेले लॅकर मंद दिसे. ते कंपाउंडने घासल्यावरच झळके. शिवाय उन्हाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू विटे आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागे. म्हणजे चकाकी कारखान्यातून एकदाच मिळत नव्हती. मालकाला ती पुनःपुन्हा कमवावी लागे. मोटार-पॉलिशचा धंदा या गरजेवर फोफावला.

९/ शिकागोत १९१० च्या सुमारास ‘सिमोनाइझ’ ही कंपनी उभी राहिली होती. तिचा माल दोन डब्यांत येई : एक घासून स्वच्छ करण्याचा, दुसरा वॅक्सचा. वर सांगितलेला भेद ग्राहकाला असा डब्यांतूनच कळे. हे नाव इतके रुळले की इंग्रजीत गाडी चकचकीत करण्याचे ते क्रियापदच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच शहरातून ‘टर्टल वॅक्स’ पुढे आले. त्याचे जनक बेंजामिन हर्श रस्त्यावर उभ्या मोटारींचा एकच मडगार्ड चकाकवीत आणि मालक परतण्याची वाट पाहत थांबत, अशी हकिकत सांगितली जाते.

१०/ आता त्या डबीत डोकावू. उत्तम वॅक्सचा आत्मा म्हणजे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधील सेआरा, पियाउई या कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या ताडाच्या पानांवर हे मेण साचते. कडक उन्हात पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. निसर्गातील अत्यंत कठीण मेणांपैकी हे एक. ते वितळायला ८० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. म्हणून तापल्या बॉनेटवरही ते टिकते. शुद्ध कार्नौबा विटेसारखा टणक असल्याने त्यात मऊ मेण, तेल आणि द्रावक मिसळून तो लावण्याजोगा करतात.

११/ या मेणाचे मोल किती, हे १९३५ मध्ये दिसले. विस्कॉन्सिनमधील रसीन येथील जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन (धाकटे) पाण्यावर उतरू शकणाऱ्या छोट्या सिकोर्स्की विमानातून थेट सेआराची राजधानी फोर्तालेझाला गेले. ही झाडे किती आहेत, मेणाचा पुरवठा पुरेल का, हा त्यांचा प्रश्न होता. एका झाडासाठी कंपनीप्रमुखाने खंड ओलांडावा, इतके ते धंद्याच्या मुळाशी होते.

१२/ येथे थोडे थांबू. कोरड्या ऋतूत लांब काठीला विळा बांधून मजूर ही काटेरी देठांची पाने कापतात. पाने उन्हात वाळवतात, झोडपतात, भुकटी वितळवून गाळतात. काम उन्हातले, हंगामी आणि कष्टाचे. २०१७ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने काही कार्नौबा मळ्यांतील मजुरांची गुलामगिरीसदृश अवस्था जगापुढे मांडली. हेच मेण गोळ्या-चॉकलेटांनाही तकाकी देते. तकाकीला घामाचा वास येत नाही, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही.

१३/ आपल्याकडे ही कथा लवकर पोहोचली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. कालांतराने ड्युको हे नाव कंपनीचे न राहता कामाचे झाले. आजही आपला सुतार कपाटाला फवाऱ्याने मारलेल्या गुळगुळीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतो. एका अमेरिकी प्रयोगशाळेतील शोध आपल्या फर्निचरवर नावानिशी नांदतो आहे.

१४/ पुढे रसायने बदलली. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक संरक्षक थर देण्याची पद्धत सर्वत्र रुळली. हा ‘क्लिअर कोट’ साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. आजची चकाकी त्याच्यात आहे, आणि अतिनील किरणांपासूनचे रक्षणही. प्रत्येक वेळी पॉलिश करताना त्याचाच अंश घासला जातो. तो संपला की फडक्याने परत येत नाही.

१५/ म्हणून आजोबांच्या काळातील ‘दर काही महिन्यांनी रबिंग-पॉलिश’ हा सल्ला त्यांच्या गाडीसाठी अगदी योग्य होता, आपल्या गाडीसाठी नाही. तेव्हा विटलेला थर काढावाच लागे, आज जो आहे तो राखायचा असतो. गाडी नीट धुवावी, धुळीवर कोरडे फडके कधीही फिरवू नये, वॅक्स वरचेवर लावावे आणि पॉलिश क्वचितच करावे. सवय एका रंगासाठी जन्मते आणि रंग बदलला तरी उरते. इतिहासात असे वारंवार घडते.

१६/ पुढच्या पावसात वॅक्स लावलेल्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे मोती उभे राहतील. आपण अशा गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो, म्हणजे जे टिकत नाही ते. वॅक्सही काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत झिजते. टिकाऊ चकाकी असे काही नसते. टिकवलेली चकाकी असते. ती कोणाकोणाच्या हातांनी टिकली, एवढे विचारता आले तरी या धाग्याचे सार्थक झाले.