कमांड लाइन : आर्ग्युमेंट व त्रुटिसंदेश

कमांड लाइनवर आज्ञेच्या नावापुढे लिहिलेले पर्याय व फाइलींची नावे म्हणजे आर्ग्युमेंट. ती तपासण्याचे काम पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपापल्या पद्धतीने करी. युनिक्समधील ‘गेटऑप्ट’ या फंक्शनमुळे त्यात शिस्त आली. एटी अँड टीने त्याचा सोर्स कोड १९८५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पायथनमधील ‘आर्गपार्स’ चुकीचा पर्याय दिसताच वापराची ओळ व चूक छापते आणि एक्झिट कोड २ देऊन थांबते. संदेश स्टँडर्ड एररवर जातो, म्हणून पाइपमधून पुढे जाणाऱ्या माहितीत तो मिसळत नाही.

चांगला संदेश पुढे काय करावे हेही सांगतो. जीएनयूची ‘आरएम’ आज्ञा याचा उत्तम नमुना आहे. फाइलचे नाव ‘-’ने सुरू होत असेल, तर आज्ञा त्याला पर्याय समजून अडते, पण त्या नावाची फाइल खरोखरच असेल, तर नावाआधी ‘./’ लावा असे सुचवते. ‘गिट’मध्ये ‘स्टेटस’चे स्पेलिंग चुकले, तर जवळची आज्ञा दाखवली जाते. ती आपोआप चालवण्याची सोय मुळात बंद असते, आणि हे योग्यच आहे. हवी असल्यास सेटिंगमध्ये सेकंदाच्या दशांशांत अवधी देता येतो. तेवढ्यात वापरकर्ता ती रोखू शकतो.